हिवाळ्याचे जळण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "जे रोज करता त्यावरच बोला." मी तेव्हा परसात लाकडांची चवड उलटीपालटी करीत होते. हातात लाकूडच होते, तेव्हा विषय लाकडाचाच ठरला. व्याख्यानाची मला सवय नाही. काही चुकले तर आपल्यातलीच एक म्हणून सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी काही जणी मनात म्हणतील की आता सरपणाचे काय बोलायचे? घरोघरी गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्याकडेही सिलिंडर आला. हे खरेच आहे आणि फार चांगले झाले. रोजचा स्वयंपाक मीही गॅसवरच करते. पण आपला हा महाबळेश्वराचा घाटमाथा आहे. मार्गशीर्ष-पौषात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून पांढरे होते, ते पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात आणि फोटो काढून जातात. आपल्याला त्या थंडीत राहायचे असते. अंघोळीच्या पाण्याचा बंब, म्हाताऱ्या माणसांची शेगडी, बाळंतिणीचा शेक, पहाटेची शेकोटी, यांना गॅस पुरत नाही आणि परवडतही नाही. म्हणून हिवाळ्याचे जळण अजून आपल्या घरात आहे, आणि आहे तोवर ते नीट असावे.

माझे माहेर वाईच्या पुढे, देशावर. तेथे सरपण म्हणजे बाभळीचे. वडील लाकडे फोडून भिंतीला टेकून ठेवीत आणि आई लागेल तशी ओढून घेई. पाऊस थोडा, ऊन भरपूर. लाकूड साठवायची काही विद्या असते हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हते. इकडे सासरी आले तेव्हा पहिल्या पावसाळ्यातच समजले की येथे आकाश फाटते. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंती घामेजतात, मीठ पाणी धरते, कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. मग उघड्यावरच्या लाकडाची काय कथा! त्या वर्षी सासूबाईंनी मला हाताला धरून सगळे शिकविले. ते मी आज सांगणार आहे. पण त्याआधी, त्यांचे शिकविणे मी एका वर्षी कसे विसरले आणि त्याची किंमत काय पडली, ते सांगते. ही गोष्ट माझ्या धाकट्या जाऊबाईंची आहे. त्या समोरच बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी सांगत आहे.

२०१३ सालच्या उन्हाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले आणि जळणाचे काम माझ्याकडे आले. मला वाटले, त्या एवढी खटपट करतात, त्यापेक्षा सोपी युक्ती करू. मी लाकडे वैशाखाच्या अखेरीस आणविली, तशीच ओली परसात रचली आणि मोठ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने वरून, बाजूने, खालून अगदी गाठोड्यासारखी बांधून टाकली. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "अगं, त्यांना वारा ठेव थोडा." मी म्हटले, "आत्याबाई, थेंबसुद्धा आत जाणार नाही बघा." आणि खरेच, थेंब आत गेला नाही. पण आतला थेंब बाहेरही आला नाही! लाकडाचे पाणी लाकडातच राहिले. दिवाळीनंतर ताडपत्री सोडली तर कुबट वास आला. साली सुटलेल्या, पांढरी बुरशी चढलेली, खालच्या थराला वाळवी लागलेली. उरलेले ओलसर लाकूड तेवढे त्या हिवाळ्यासाठी आमच्या हाती राहिले.

पुढे पौषात, म्हणजे २०१४ च्या जानेवारीत, जाऊबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली. त्यांची खोली उत्तरेकडची, घरातली सर्वांत गार. रोज शेक द्यायचा, बाळाला धुरी द्यायची, खोली उबदार ठेवायची. पण लाकूड पेटेना. पेटले तर असा धूर होई की बाळ ठसकू लागे. जाऊबाईंचे डोळे सुजले. तेव्हा मीच उपाय काढला. बाजारातून लाकडी कोळसा आणला. कोळशाला धूर नाही, वास नाही. रात्री शेगडीत तो लालबुंद फुलवला, शेगडी बाजेपासून जरा दूर ठेवली, खिडकीच्या फटीत गोधडीच्या चिंध्या कोंबल्या आणि दार लोटून घेतले. मनात म्हटले, आज दोघींना छान झोप लागेल.

मध्यरात्रीनंतर तांब्या पडल्याचा आवाज झाला. सासूबाईंची झोप हलकी. त्या उठून गेल्या तर जाऊबाई बाजेखाली पडलेल्या. पाणी प्यायला उठल्या आणि पाय लटके पडले. डोके फार दुखते, मळमळते, एवढेच त्या म्हणू शकल्या. बाळ झोपलेलेच होते. हलविले तरी नीट जागे होईना. सासूबाईंनी आधी दार सताड उघडले, खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या आणि बाळाला घेऊन त्या गार ओसरीवर आल्या. मी म्हटले, "आत्याबाई, थंडी बाधेल तिला." त्या म्हणाल्या, "थंडीचे मग बघू." भावोजींनी शेजारची जीप काढली आणि दोघींना दवाखान्यात नेले. तेथे लगेच प्राणवायू लावला. पहाटे बाळाने टाहो फोडला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तीन दिवसांनी दोघी घरी आल्या. ती मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते आणि संध्याकाळची लाकडे घरात आणायचे काम तिचेच आहे.

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. लाकूड असो, कोळसा असो, गॅस असो, जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुरासारखा तो डोळ्यांत चुरचुरत नाही, त्यामुळे कोणी सावध होत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो तांबडा भाग आहे त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असूनही अंगाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, ग्लानी येते. झोपलेले माणूस झोपेतून उठतच नाही. फुललेल्या कोळशाला धूर नसतो म्हणून आपण त्याला निर्धोक समजतो, पण बंद खोलीत तोच सर्वांत धोक्याचा. आणि पोटुशी बाई व लहान मूल यांना हा वायू फार लवकर बाधतो.

पुष्कळ दिवस मी ती रात्र मनात घोळवीत होते. चूक कोठे झाली? शेगडी आत नेली ती चूकच. दार लावले तीही चूकच. पण लाकूड कोरडे असते तर कोळसा आणावाच लागला नसता. मग तो कोळसा घेऊन मी त्या खोलीत गेलेच नसते. माझी पहिली चूक पौषातली नव्हती, वैशाखातली होती. म्हणून मी सांगते की जळण साठविणे हे हलके काम नव्हे. सहा महिने आधी रचलेले लाकूड सहा महिन्यांनंतर घरातल्या माणसाच्या छातीत धूर भरते किंवा भरीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे चुली-शेगड्यांच्या घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता सासूबाईंची शिकवण सांगते. वहीत उतरून घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या.

पहिली गोष्ट, लाकूड कोठले घ्यावे. आपला भाग २००१ साली सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. स्वतःच्या बांधावरचे झाड असले तरी परवानगी घेऊनच तोडायचे. वाऱ्याने पडलेल्या व वाळलेल्या फांद्या, छाटणीच्या काटक्या, वखारीचे लाकूड, यांवरच आपले भागवायचे. जांभूळ आणि अंजनी यांचे लाकूड घट्ट, सावकाश जळते आणि निखारा टिकतो. सिल्वर ओक हलका, भरकन जळून जातो. पण बंब लवकर तापवायला बरा. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्यावी, वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही. बिब्याचे लाकूड चुकूनही आणू नये, त्याचा चीक आणि धूर दोन्ही उततात. कण्हेर विषारी, तीही नको. रंग दिलेली फळकुटे, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक, यांचा धूर घरात घेऊ नये. वड-पिंपळ आपण जाळीत नाही, तो रिवाज चांगलाच आहे.

दुसरी गोष्ट, लाकूड कधी आणावे. होळी झाली की आणावे. नव्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. डोक्यावर वीस किलोचा भारा आणला तर त्यात नऊ-दहा किलो पाणीच आपण वाहून आणतो. असे लाकूड चुलीत घातले की आधी त्यातले पाणी उकळून वाफ व्हावे लागते आणि मग लाकूड जळते. आपली आच पाणी उकळण्यातच जाते, आणि अर्धवट जळलेल्या लाकडाचा धूर होतो. नीट वाळलेल्या लाकडात पाणी पंधरा ते वीस टक्के उरते. फाल्गुन, चैत्र, वैशाख हे तीन महिने फोडलेल्या लाकडाला ऊन मिळाले तर मनगटाएवढ्या फोडी चांगल्या वाळतात. मांडीएवढे ओंडके मात्र वर्षभर घेतात. ज्यांना जागा आहे त्यांनी यंदाचे जाड लाकूड पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

तिसरी गोष्ट, फोडणे. साल हे झाडाचे पांघरूण आहे, ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. अख्खा ओंडका वर्षभर उन्हात टाकला तरी पोटात ओला राहतो. म्हणून आणल्या आणल्या फोडावा. फोडायचे काम घरच्या पुरुषांकडून वेळेवर करून घ्यावे. आपल्याकडे फोडायला पुरुष आणि वाहायला बाई अशी वाटणी आहे. पण फोडायला उशीर झाला तर त्याचा धूर बाईलाच खावा लागतो, हे त्यांना गोडीने समजावून सांगावे.

चौथी गोष्ट, रचणे. जमिनीवर लाकूड टेकवू नये. आधी दगड किंवा जाड वासे टाकून एक वीतभर उंची करावी, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. घराच्या भिंतीला चिकटवू नये, हातभर अंतर ठेवावे. चवड घराच्या पूर्व अंगाला करावी, कारण आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते. दोन्ही टोकांना लाकडे आडवी-उभी अशी रचावी म्हणजे चवड घसरत नाही. उंची आपल्या छातीपेक्षा जास्त नसावी, पोरे खेळताना अंगावर येता कामा नये. जाड लाकूड, फोडी आणि काटक्या यांच्या तीन वेगळ्या राशी असाव्या. वरून पत्रा किंवा ताडपत्री घालावी, पण बाजू मोकळ्या ठेवाव्या. पश्चिमेच्या अंगाला गवताची झडी बांधावी, तिच्यातून वारा जातो आणि झड अडते. मृग लागण्यापूर्वी हे सर्व आटोपले पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

किती साठवावे, याचा हिशेब सासूबाई कवळीवर करीत. एक कवळ म्हणजे दोन्ही हातांत मावेल एवढे लाकूड. बंबाला एक आणि शेगडीला एक अशा दिवसाला दोन कवळी धरल्या, तर कार्तिक ते माघ चार महिन्यांच्या दोनशे चाळीस कवळी होतात. पावसाळ्यातला बंब आणि आलागेला यांसाठी आणखी साठ धरा. म्हणजे तीनशे. एका चवडीत किती कवळी बसतात हे एकदा मोजून ठेवले की दर वर्षी अंदाज चुकत नाही, आणि उगाच जास्त लाकूडही आणले जात नाही.

पाचवी गोष्ट, पावसाळ्यानंतरची. नवरात्र संपले की चवड उलटावी. खालचे वर, आतले बाहेर करावे आणि आश्विनाचे कडक ऊन चार-आठ दिवस द्यावे. वाळले की नाही हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. लाकडाच्या तोंडाला चिरा पडतात, साल सहज सुटते, हातात हलके लागते, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज येतो. ओल्या फोडींचा आवाज बद्द येतो. भुसा गळत असेल तर किडा लागला असे समजावे. ती लाकडे आधी वापरावी आणि घराच्या वाशांजवळ नेऊ नये.

आता लाकूड घरात आणण्याविषयी. हे रोजचे काम आहे आणि रोजच्या कामातच माणूस गाफील होते. चवडीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. मण्यार, घोणस, फुरसे, नाग, सगळ्यांना ही जागा आवडते. विंचू तर सालीखालीच बसतो. तेव्हा लाकडे दिवसाउजेडी आणावी. पायांत बूट असावे. आधी काठीने चवडीवर ठोकावे, मग वरच्या थरातले लाकूड काढावे. फटीत हात घालून मधले ओढू नये. प्रत्येक फोड जमिनीवर आपटून मगच कवळीत घ्यावी. पदराच्या ओच्यात लाकूड आणू नये. अंधार पडल्यावर नड पडलीच तर बॅटरी घेऊनच जावे.

विंचवाचे बोलताना एक आदराने सांगितले पाहिजे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या पुढे महाड आहे. तेथे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर वर्षानुवर्षे काम केले. या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी होते आणि विशेषतः लहान मुले दगावत. प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ही माणसे वाचतात हे त्यांनी दाखवून दिले आणि परदेशच्या मोठ्या वैद्यकीय पत्रांतून ते जगापुढे मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे ज्ञान घाटाखाली असताना आपण मंत्र-तंत्र आणि जडीबुटीत वेळ घालवू नये. लाल विंचू चावला आणि घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. साप चावला तर चिरा देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हात किंवा पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यावे. १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, पाठ असावा.

घरात किती लाकूड ठेवावे? फक्त एका दिवसाचे. पडवीत किंवा मागच्या दाराशी लाकडी खोक्यात ठेवावे. बाजेखाली नको, माळ्यावर नको आणि चुलीला अगदी लागून तर नकोच; ठिणगीला निमित्त पुरते. उद्याच्या काटक्या आज संध्याकाळी चुलीपासून दोन हातांवर ठेवल्या की रात्रीतून त्यांतली दवाची ओल जाते आणि सकाळी एका काडीत पेटतात. पेटविताना रॉकेल ओतू नये. राखेत निखारा पुष्कळ वेळ जिवंत राहतो, म्हणून राख झाकणाच्या डब्यात गार करावी आणि मगच खतात टाकावी. चवडीजवळ कधी ओतू नये.

चूल घरात असेल तर वर धुराडे हवे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या मंडळींनी मगन चूल काढली, तिच्यात धूर नळीवाटे बाहेर जातो. अशी निर्धूर चूल गवंडी हाताशी असला तर एका दिवसात होते. मात्र धुराड्याची काजळी महिन्याला काढली पाहिजे, नाही तर धूर परत घरात येतो.

आणि आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी आज येथे उभी राहिले. फुललेली शेगडी बंद खोलीत ठेवून कोणी झोपू नये. थंडी कितीही असो, म्हातारे माणूस कितीही कुरकुर करो. झोपण्यापूर्वी खोली तापवायची असेल तर खिडकी चार बोटे उघडी ठेवून, जागे राहून तापवावी, आणि शेगडी बाहेर काढूनच अंथरुणावर पडावे. रात्रीच्या उबेला दुसरे उपाय आहेत. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणात ठेवावी. वीट तापवून, हाताला सोसेल इतकी निवू देऊन जाड फडक्यात बांधली की तीही बराच वेळ ऊब देते. तान्ह्या बाळाच्या अंगाला मात्र पिशवी-वीट लावू नये. अंथरूण तापवून ती काढून घ्यावी आणि बाळाला आईच्या कुशीत घ्यावे. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर दिवसा, दार उघडे ठेवून, कोणीतरी जवळ बसून द्यावा. बाळाच्या नाकाजवळ धुरी धरू नये.

हीच गोष्ट बंबाची. न्हाणीघरात बंब पेटता ठेवून कडी लावून अंघोळ करू नये. बंब बाहेर तापवावा आणि पाणी आत न्यावे. ज्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे त्यांनी तर जास्तच जपावे. न्हाणीघर लहान, झरोका बंद, आणि वायू तोच. घरात शेगडी किंवा गिझर चालू असताना एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर पित्त झाले असे समजून सुंठ-साखर घेत बसू नये. आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि मग डॉक्टरांकडे जावे. माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना वायूचे नाव ठाऊक नव्हते. पण आधी दार उघडायचे हे त्यांना सुचले, म्हणून आमच्या घरात आज ती पोर हसते-खेळते आहे. सासूबाई आता नाहीत. त्यांचे ऋण या भाषणाने थोडे तरी फिटावे एवढीच इच्छा.

जाता जाता मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्या वाडीत एकट्या राहणाऱ्या सात-आठ आजीबाई आहेत. मुले मुंबईला. त्यांच्याकडून लाकूड फोडणे होत नाही, रचणे होत नाही. मिळेल ते ओले जळण त्या पेटवितात आणि दार लावून शेगडीशी बसतात. आपण दर वर्षी हळदीकुंकू करतो, सहल काढतो. त्यात आणखी एका दिवसाची भर घालू. अक्षय्य तृतीयेनंतरचा एखादा रविवार ठरवू. घरच्या पुरुषांनाही बरोबर घेऊ. त्या दिवशी या आजींची लाकडे फोडून, वीतभर उंच रचून, वरून झाकून देऊ. आणि कार्तिकात पुन्हा एकदा फेरी मारून त्यांच्या खिडक्या उघडतात की नाही ते पाहू. खर्च काही नाही, चहापाणी माझ्याकडे.

  आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि येत्या हिवाळ्यात आपल्या सर्वांच्या घरी कोरडे लाकूड आणि उघडी खिडकी असो, एवढे म्हणून मी माझे भाषण संपविते.